सकाळचा संदेश त्याच्या दिवसाचा असावा

तुमच्या पत्राचा गोषवारा आधी मांडते, म्हणजे हे उत्तर कोणत्या परिस्थितीला उद्देशून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही गोव्यातल्या साखळी गावात राहता आणि शाळेत शिकवता. गोव्यातल्या विवाहनोंदणीत दोनदा सही करावी लागते, त्यांपैकी तुमची पहिली सही झाली आहे. दुसरी सही आणि लग्नाचे विधी महिन्याभरावर आले आहेत. तुमचे नियोजित पती वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतात आणि तिथेच जवळ खोली घेऊन राहतात. आधीच्या नोकरीचे कंत्राट वाढवले गेले नाही, तेव्हापासून त्यांचा आत्मविश्वास खचला आहे, आणि नव्या ठिकाणी ते अजून प्रोबेशनवर आहेत. त्यांना उभारी यावी म्हणून तुम्ही रोज सकाळी साडेसहाला त्यांना संदेश पाठवता. पूर्वी त्याला भरभरून उत्तर येत असे. आता ‘हं’ येते किंवा नुसता अंगठा. हे संदेश थांबवावेत का, थांबवायचे नसतील तर त्यांत काय लिहावे, आणि लग्नानंतर एका घरात राहू लागल्यावर या सवयीचे काय करावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

थांबवू नका, पण रोजच पाठवण्याचा आग्रह धरू नका, आणि आज जे पाठवता ते मात्र बदला. पणजीत विवाहपूर्व आणि विवाहोत्तर समुपदेशन करताना मी अशा संदेशांविषयी दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकत आले आहे: पाठवणाऱ्याला वाटते की आपली कदर होत नाही, आणि ज्याला संदेश येतो त्याला वाटते की सकाळी डोळे उघडताच आपल्यावर एक अपेक्षा येऊन बसते. दोघेही खरे बोलत असतात. ही अपेक्षा संदेशात कुठून शिरते, हे समजल्याशिवाय नव्या मजकुराचा उपयोग होणार नाही.

तुम्ही नमुन्यादाखल दिलेले चारही संदेश मी वाचले. त्यांतला एक असा आहे: ‘तू खूप हुशार आहेस, तुला काहीही अशक्य नाही, आज सगळ्यांना दाखवून दे!’ यामागची माया मला दिसते. पण या वाक्यातले नाव बदलले तर ते तुम्ही दहावीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला पाठवू शकाल. त्यात तुमच्या नियोजित पतींचा आजचा दिवस कुठेच नाही: त्यांची पाळी कोणती आहे, आज त्यांच्यासमोर कोणते काम आहे, काल कोणाचे बोलणे त्यांना लागले, यांपैकी कशाचाही मागमूस नाही. उलट ‘दाखवून दे’ या शब्दांत एक परीक्षा मात्र आहे, आणि संध्याकाळी तिचा निकाल तुम्हाला सांगावा लागणार, हे त्यांना सकाळीच कळते. ज्याच्या मनात ‘आपण कमी पडतो’ हे आधीच घर करून बसले आहे, त्याला ‘तुला काहीही अशक्य नाही’ हे वाचून बळ येत नाही. आपल्याविषयी हिची समजूत किती चुकीची आहे आणि एक दिवस ती उघडी पडेल, अशी भीती मात्र वाटते.

हे केवळ माझे मत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डेनिस मॅरिगोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, ज्यांचे स्वतःविषयीचे मत मुळात खालावलेले असते अशा माणसांना ‘सगळे चांगलेच होईल, उजळ बाजू बघ’ या प्रकारचा आधार फारसा पचत नाही. त्यांच्या वाईट वाटण्याला ‘हो, असे झाले तर वाईट वाटणारच’ अशी मान्यता देणारे बोलणे मात्र ते स्वीकारतात. त्याच संशोधनात हेही दिसले की, आधार परतवला गेल्यामुळे देणाऱ्यालाही निराश वाटू लागते. तुमच्या पत्रातला ‘मीच काहीतरी चुकीचे करते आहे का’ हा सूर तिथूनच आलेला आहे.

म्हणून पहिला बदल असा करा की, स्तुतीच्या आधी दखल येऊ द्या. सुपरवायझरने सगळ्यांसमोर चूक काढली, असे त्यांनी रात्री फोनवर सांगितले असेल, तर सकाळी ‘विसरून जा, तू ग्रेट आहेस’ असे लिहू नका. ‘काल सगळ्यांसमोर बोलायला नको होते. मलाही ऐकून राग आला. आज नेहमीसारखा दिवस जावा एवढेच वाटते,’ असे लिहा. या मजकुरात प्रोत्साहनाचा एकही ठळक शब्द नाही, तरी माझ्या अनुभवात असेच संदेश लोक जपून ठेवतात आणि वर्षांनंतरही दाखवतात. स्तुती करायचीच असेल तेव्हा ती घडलेल्या, दोघांनाही माहीत असलेल्या गोष्टीची करा. ‘तू हुशार आहेस’ हे विधान कोणी मनातल्या मनात खोडून काढू शकतो. ‘रविवारी तू मला ती बॅचच्या कागदपत्रांची भानगड समजावून सांगितलीस, आणि माझा विषय नसूनही मला ती कळली’ हे खोडता येत नाही, कारण ते घडले आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अमेरिकेत निआल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. न्यूयॉर्क राज्याची वकिलीची परीक्षा देणारी एक व्यक्ती आणि तिचा जोडीदार, अशा जोडप्यांनी परीक्षेच्या आधीच्या दिवसांत स्वतंत्रपणे रोजची नोंद ठेवली. आज आधार दिला का, हे जोडीदाराने लिहायचे. आज आधार मिळाला का, हे परीक्षार्थीने. ज्या दिवशी परीक्षार्थीला आधार मिळाल्याची स्पष्ट जाणीव झाली, त्यानंतर त्याची उदासी थोडी वाढलेलीच दिसली; जोडीदाराने आधार दिला पण परीक्षार्थीच्या तो ध्यानातही आला नाही, तेव्हा मात्र त्याचे मन अधिक स्थिर राहिले. वरवर हे उफराटे वाटते. पण आपल्या जत्रेतल्या नाटकांचा प्रॉम्प्टर आठवा: तो विंगेत असतो म्हणून नट निर्धास्त असतो, पण त्याचा आवाज प्रेक्षकांना ऐकू गेला की नटाची पंचाईत होते. ‘तुला मदतीची गरज आहे’ हे ज्या आधारातून ठळकपणे ऐकू येते, तो आधार घेणाऱ्याला स्वतःच्या नजरेत लहान करतो.

याचा अर्थ काळजी लपवून ठेवावी असा नाही. प्रत्येक सकाळी ती काळजी विषय म्हणून मांडू नये, एवढाच आहे. आठवड्यातले निम्मे संदेश प्रोत्साहनाचे नसलेलेच बरे. साखळीत पहाटेपासून पाऊस कोसळतो आहे आणि वाळवंटी नदीचे पाणी वाढले आहे. पाव घेऊन येणारा पोदेर आज उशिरा आला आणि घरी चहा तसाच राहिला. सातवीतल्या एका मुलाने निबंधात काहीतरी अफलातून लिहिले. अशा बातम्यांतून त्यांना कळते की हिला मी आठवलो, आणि दुरुस्त करायची वस्तू म्हणून नव्हे, तर गप्पा मारायला हवा असलेला माणूस म्हणून आठवलो. खचलेल्या माणसाला ही जाणीव दुर्मीळ असते, कारण त्याच्या आसपासचे बहुतेक लोक त्याच्याशी फक्त त्याच्या अडचणीबद्दलच बोलू लागलेले असतात.

आता वेळेविषयी. साडेसहा ही तुमची सकाळ आहे. ज्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी असते, त्या आठवड्यात साडेसहा म्हणजे त्यांचा सर्वांत थकलेला प्रहर असतो, आणि तेव्हा ‘नवा दिवस, नवी उमेद’ हे शब्द, क्षमा करा, पण जवळजवळ थट्टेसारखे वाटतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात त्या वेळी ते कंपनीच्या बसमध्ये असतील किंवा गेटवर. औषध कंपन्यांच्या उत्पादन विभागात मोबाईल सहसा नेऊ देत नाहीत. तो लॉकरमध्ये ठेवून, कपडे बदलून आत जावे लागते. तेव्हा आत जाण्याआधीच्या घाईत त्यांनी पाठवलेला अंगठा हा दुरावा नसून ‘वाचले’ एवढीच पोच असण्याची शक्यता मोठी आहे. शिवाय झोपेतून उठल्यावर मेंदू पूर्ण जागा व्हायला वेळ लागतो. साधारण अर्धा तास माणूस सुस्त असतो, आणि पाळ्या बदलणाऱ्यांच्या बाबतीत ही सुस्ती अधिक रेंगाळू शकते. या अवस्थेत लांबलचक, भावनेने ओथंबलेला मजकूर वाचणे हेच एक काम होऊन बसते. त्यांच्या पाळ्यांचे महिन्याचे वेळापत्रक एकदा मागून घ्या. रात्रपाळीनंतर ‘पोचलास की आधी झोप, फोन नको’ एवढे पुरे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते उशिरा उठत असतील, तर तुमच्या मधल्या सुट्टीत पाठवलेला संदेशही त्यांच्यासाठी सकाळचाच असतो.

गोव्यात बोटीवर काम करणाऱ्यांच्या घरांना हे शिकवावे लागत नाही. ज्यांचा माणूस कॅरिबियन समुद्रातल्या क्रूझवर असतो, त्यांना ठाऊक असते की इथे सकाळचे सात वाजतात तेव्हा मायामीत हिवाळ्यात आदल्या रात्रीचे साडेआठ झालेले असतात, आणि संदेश पाठवला तरी तो नेटवर्क मिळेल तेव्हाच वाचला जाणार. अशा घरांतले संदेश तातडीचे नसतात, उत्तराची वाट पाहणारे नसतात, आणि म्हणूनच मला ते अनेकदा अधिक चांगले वाटतात.

उत्तराच्या अपेक्षेबद्दल स्पष्ट बोलते, कारण बहुतेक जोडप्यांचे इथेच फिसकटते. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१४ च्या नोव्हेंबरपासून निळ्या खुणा आल्या आणि ‘वाचले, तरी उत्तर नाही’ ही तक्रार घरोघरी पोचली. तुम्ही पत्रात लिहिले आहे की, उत्तर तोकडे आले की तुम्ही दुपारी ‘रागावलास का?’ असे विचारता, आणि ते ‘नाही’ म्हणाले की ‘मग सकाळी असे का लिहिलेस?’ असा दुसरा प्रश्न जातो. या दोन प्रश्नांनी सकाळच्या संदेशाचे सारे चांगले काम पुसले जाते. पुढच्या सकाळी ते तुमचा संदेश उघडतात तेव्हा त्यांना त्यातला धीर दिसत नाही, दुपारी येणारी चौकशी दिसते. धीर देण्यासाठी पाठवलेल्या संदेशाला उत्तर मागायचे नसते. हवे तर सुरुवातीला तसे लिहूनही टाका: ‘याला उत्तर लिहीत बसू नकोस, रात्री बोलूच.’ आणि मग ते खरोखर पाळा. ‘शेवटचे ऑनलाइन’ केव्हा होते ते पाहून हिशेब मांडणे हे प्रोत्साहन नव्हे, पाळत आहे. लग्नाआधी लागलेली ही सवय लग्नानंतर सुटत नाही, वाढते.

तुम्हालाही काही हवे आहे, हे मी नाकारत नाही. तुमच्या कष्टांची दखल घेतली जावी, त्यांनीही कधीतरी आपणहून तुमची सकाळ कशी आहे ते विचारावे, ही अपेक्षा रास्त आहे. पण तिची जागा सकाळच्या संदेशात नाही. एखाद्या रविवारी, समोरासमोर, ‘मला तुझ्याकडून चार शब्द ऐकावेसे वाटतात’ असे थेट म्हणा. ज्यांच्याकडून आपल्याला काही हवे आहे त्यांना आधी भरपूर देऊन मग ते परत येण्याची वाट पाहायची, ही पद्धत आपल्याकडे मुलींना फार लहानपणापासून लावली जाते, आणि मला ती मुळीच पसंत नाही.

तयार सुविचारांबद्दल थोडक्यात. उगवता सूर्य, गुलाब आणि खाली सुविचार अशी चित्रे पाठवू नका. २०१८ च्या सुरुवातीला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की, भारतातले फोन इतक्या लवकर का भरतात याचा शोध घेताना गूगलच्या संशोधकांना कारण म्हणून हीच ‘गुड मॉर्निंग’ची चित्रे सापडली. वडीलधाऱ्यांच्या कुटुंबगटात त्यांचे स्थान आहे. तिथे त्यांचा अर्थ ‘मी बरा आहे, तुम्हीही बरे असा’ इतकाच असतो आणि तो पुरेसाही असतो. जोडीदाराला पाठवलेले तेच चित्र मात्र ‘तुझ्यासाठी शब्द शोधायला वेळ नव्हता’ असे सांगते.

भाषेविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरी लिहिते. तुमचे संदेश शुद्ध, छापील मराठीत आहेत, आणि तुम्ही दोघे मात्र, आपल्याकडच्या पुष्कळ घरांप्रमाणे, आपसात कोकणीत बोलता असे पत्रावरून दिसते. मग सकाळचे शब्द तेवढे पुस्तकातून का यावेत? ज्या भाषेत तुम्ही भांडता आणि हसता, त्याच भाषेत लिहा. मराठीत लिहायचे असेल तर जसे बोलाल तसे लिहा. अलंकारिक मजकूर वाचणाऱ्याला तसेच अलंकारिक उत्तर सुचावे लागते, आणि ते सुचले नाही की तो अंगठा पाठवतो.

अवघड दिवसांसाठी एक वेगळा प्रकार उपयोगी पडतो. ऑडिट, प्रोबेशनचा आढावा, वरिष्ठांसमोर सादरीकरण, अशा सकाळी ‘यश मिळेलच’ असे आश्वासन देऊ नका. ते तुमच्या हाती नाही हे त्यांना ठाऊक असते. त्याऐवजी दिवसाचा एखादा छोटा, हातात मावणारा भाग समोर ठेवा. पर्वरीच्या ‘संगाथ’ या संस्थेने आपल्याच गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये तीव्र नैराश्याच्या रुग्णांसाठी जी समुपदेशन पद्धत तपासली आणि जिचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले, तिचा गाभा ‘चांगला विचार करा’ असा नव्हता; अर्थपूर्ण वाटणाऱ्या छोट्या कृती पुन्हा दिनक्रमात आणणे, हा होता. ते उपचार होते आणि तुमचा संदेश उपचार नाही, हे लक्षात ठेवूनही त्यातली दिशा घेण्यासारखी आहे. ‘आढावा अकराला आहे ना? त्याआधी काहीतरी खाऊन घे. काल लिहून ठेवलेले तीन मुद्दे पुरे आहेत. कसेही झाले तरी शनिवारी फोंड्याला भेटायचे ठरले आहे ते ठरलेच.’ यातले ‘कसेही झाले तरी’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात, कारण आपले नाते निकालावर अवलंबून नाही, हे ते एकही जड शब्द न वापरता सांगतात.

मात्र खचलेपणाच्या काही खुणा संदेशांच्या पलीकडच्या असतात. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप आणि भूक बिघडलेली असणे, कशातच रस न उरणे, कामावर जाणेच टाळणे, दारू वाढणे, किंवा ‘मी नसलो तर बरे’ अशा अर्थाचे बोलणे. यांपैकी काही दिसत असेल, तर सकाळचे शब्द अधिक गोड करण्यात वेळ घालवू नका. बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत बाह्यरुग्ण विभाग आहे, आणि ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय मदतवाहिनी चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असते. मरणाची भाषा ऐकू आली तर त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घ्या. ‘मी सांगितले तर त्याला राग येईल’ हा विचार तेव्हा बाजूला ठेवावा लागतो.

तुमच्या पत्रात यांपैकी काही नाही, म्हणून पुन्हा साध्या गोष्टीकडे येते. संदेश एकाएकी बंद केलेत तर ते त्याचा अर्थ रुसवा असा लावतील, तेव्हा आधी सांगा. ‘मी रोज सकाळी तुला मोठमोठे मेसेज पाठवते त्याचे तुला ओझे होत असेल असे वाटले. आता जमेल तेव्हा, थोडेच लिहीन. तुला कोणत्या दिवशी लिहिलेले बरे वाटेल?’ हा शेवटचा प्रश्न खरा प्रश्न म्हणून विचारा आणि उत्तर ऐकून घ्या. काही माणसांना रोजचा नेम आवडतो. दोन शब्दांचा का होईना, संदेश आला की दिवस मार्गी लागल्यासारखे त्यांना वाटते. काहींना फक्त कठीण सकाळी हवा असतो. काहींना सकाळी काहीच नको असते आणि रात्रीचा फोनच हवा असतो. तुमचे नियोजित पती यांतले कोणते, हे मी पणजीत बसून सांगू शकत नाही आणि तुम्हीही अंदाजाने ठरवू नका.

लग्नानंतरचे म्हणाल, तर एका घरात राहू लागल्यावर संदेशांची गरज संपते असे मानणारी जोडपी नंतर माझ्याकडे ‘आता बोलणेच होत नाही’ म्हणून येतात. तुमची शाळा सकाळची, त्यांच्या पाळ्या बदलत्या. रात्रपाळीच्या आठवड्यात ते घरी पोचतील तेव्हा तुम्ही निघालेल्या असाल. त्या आठवड्यांत तुमची भेट संध्याकाळीच होईल, आणि दोन ओळींचा संदेश आजच्यापेक्षा तेव्हा अधिक उपयोगी पडेल. फक्त दूधवाल्याचा हिशेब, गॅसचा नंबर आणि ‘डबा फ्रीजमध्ये आहे’ या निरोपांत तो बुडून जाऊ देऊ नका. ते निरोप वेगळे पाठवा.